पहिला काप ताईचा

९ जानेवारी

चि. पुठ्ठ्यास,

आशीर्वाद देते आहे, पण रागाने देते आहे, तेव्हा जपून घे.

घरी पोचले. लेक स्टेशनवर घ्यायला आली होती. मला बघून म्हणाली, "आई, मामाकडे राहायला गेली होतीस की वाळायला?" मी म्हटलं, गेले होते चार दिवस आराम करायला, आणि दहा दिवस त्याच्या गावच्या हॉस्पिटलात पडून आले. एवढी सरबराई सख्ख्या भावाशिवाय कोण करणार! फोन करणार होते, पण तुझ्या बायंडिंगच्या दुकानातल्या, कागद कापायच्या त्या यंत्रापायी तुझे कान गेलेत. मी ओरडायचं, तू भलतंच ऐकायचंस, मग वहिनी मधे पडणार. त्यापेक्षा कागद बरा. कागदावर तरी मी बोलताना तू मधे तोंड घालत नाहीस.

बेकरीत जो तो विचारतो, झालं काय होतं? "डायव्हर्टिक्युलायटिस" म्हणेपर्यंत गिऱ्हाईक पाव घेऊन निघून जातं. म्हणून मी आपली सरळ सांगते, की मोठ्या आतड्याला बारीक बारीक पिशव्या आल्यात, वयाप्रमाणे पुष्कळांना येतात म्हणे, त्यातली एक सुजली आणि तिने मला आडवं केलं. ऐकणाऱ्याचा हात आपोआप स्वतःच्या पोटाकडे जातो. गंमत वाटते.

तू करून दिलेला तक्ता ओट्याच्या वर लावलाय. निळ्या कापडाची किनार, जाड पुठ्ठा, चारी कोपरे काटकोनात. बघायला देखणा आहे, वाचायला नाही. बिया नकोत, दाणे नकोत, साली नकोत, पालेभाजी नको, डाळी नकोत, कोंड्याचं पीठ नको. मग काय? पांढरा पाव, पांढरा भात, गाळलेलं सूप. माझं ताट बघून लेक विचारते, "आई, यात जेवण कुठलं आणि ताट कुठलं?"

बियांचा पाव आल्या दिवसापासून बंद केलाय. तुला माझी पद्धत ठाऊक आहे. एकतीस वर्षं भट्टीतून निघालेला प्रत्येक प्रकारचा पहिला पाव मी काउंटरवर सगळ्यांच्या देखत कापते आणि पहिला काप मी खाते. मग विक्री. जे मी खात नाही ते मी विकत नाही. जवस, तीळ, सूर्यफूल आता मला विष, मग ते मी दुसऱ्याला कुठल्या तोंडाने देऊ? शेजारचे निवृत्त मास्तर रोज येतात, "आज आहे का?" विचारतात आणि नाही म्हटलं की काहीही न घेता परत जातात. बाकी पाव आहेत की! पण नाही.

हॉस्पिटलात तू माझा हात धरून रडलास आणि मी शब्द दिला, की तक्त्यात नाही ते तोंडात घालणार नाही. शब्द पाळते आहे. मला आवडतंय असं मात्र समजू नकोस.

तुझी,
ताई

२१ जानेवारी

ती. ताईस,

नमस्कार लांबूनच करतो. जवळ असतो तर पाठीत धपाटा बसला असता, हे पत्रावरून दिसतंच आहे.

आवडायला ते जेवण नाहीच आहे. ते पथ्य आहे. तक्ता करायला मला अख्खी दुपार लागली. डॉक्टरीणबाईंनी दिलेला कागद म्हणजे नुसतं चुरगळलेलं प्रकरण होतं, कडा फाटलेल्या, वर पेनाने गिचमीड. मी तो छापील चौकटीला लागून साफ कापला, खळ लावून पुठ्ठ्यावर बसवला, किनार मारली. दहा वर्षं हलणार नाही. माझ्या हातचं काम आहे.

तू थट्टा करतेस, ठीक. पण ताई, बाबा आठव. पोट धरून तीन दिवस दुकानात बसले. "वायू झालाय" म्हणायचे. ताप अंगात, आणि आईला नि मला सांगितलं, उन्हाने अंग तापलंय. चौथ्या दिवशी उशीर झाला होता. तू तेव्हा सासरी होतीस. मी समोर होतो. अठरा वर्षांचा होतो आणि त्यांच्या "काही नाही रे" वर विश्वास ठेवून मी क्रिकेट खेळायला गेलो होतो.

तेव्हा मास्तर परत जाऊ देत. सगळं गाव परत जाऊ दे. तू तक्ता सोडायचा नाहीस.

बायको विचारते आहे, सूप गाळायची बारीक गाळणी पाठवू का?

तुझा,
धाकटा

२६ फेब्रुवारी

चि. पुठ्ठ्यास,

गाळणी पाठवलीस तर तिच्यातून तुलाच गाळून काढीन. वहिनीला सांग, राग तिच्यावर नाही.

आता खरं ते लिहिते. सात आठवडे झाले. चार-चार दिवस पोट साफ होत नाही. तुला वाचायला लाज वाटत असेल तर डोळे मिट, मला सांगायला वाटत नाही. कपडे अंगावर लोंबायला लागलेत. परवा पिठाचं पोतं सरकवताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी खालीच बसले. ज्या पोत्यांना मी आयुष्यभर ढकलत आले, त्यातल्या एकाने मला बसवलं! लेक धावत आली. तिचा चेहरा असा झाला होता की मला माझ्यापेक्षा तिचीच काळजी वाटली.

आणि हो, मंगळवारी मी एक टोमॅटो खाल्ला. सालीसकट, बियांसकट, उभ्याने. लपवत नाही. शब्द मोडला, त्याची माफी मागते. टोमॅटोची मागत नाही.

त्या टोमॅटोने काहीसुद्धा झालं नाही. म्हणून विचारते. हे पथ्य किती दिवसांचं आहे? तक्त्यावर कुठेच लिहिलेलं नाही. बाईंनी परत कधी दाखवायला बोलावलंय? मी तेव्हा गुंगीत होते, बोलणं सगळं तुझ्याशी झालं. आठवून लिही. "पथ्य आहे" एवढंच लिहून पाठवू नकोस.

लेक म्हणते, आता बेकरी बंद कर. ती शहाणी आहे आणि बऱ्याचदा तिचं बरोबर असतं. म्हणूनच जास्त राग येतो.

ताई

६ मार्च

ती. ताईस,

टोमॅटोचं वाचलं. उभ्याने खाल्लास म्हणजे काय, बसून खाल्ला असतास तर चाललं असतं?

पथ्य जन्मभराचं आहे. मी बाईंना विचारलंय. स्पष्ट विचारलंय. त्यांनी मला बजावून सांगितलं, बियांचा एक कण त्या पिशवीत अडकला की संपलं. परत दाखवायचं काही म्हणाल्या नाहीत, म्हणजे तशी गरज नसणार. अशक्तपणा आहे तो दुखण्यानंतरचा, जाईल हळूहळू.

बेकरीचं म्हणशील तर लेकीचं ऐक. तू एकसष्ट वर्षांची आहेस. भट्टीशिवाय माणसं जगतात. मला एकच बहीण आहे, पाव मी दुसरीकडून घेईन.

तुझा,
धाकटा

२४ मार्च

चि. पुठ्ठ्यास,

"पाव मी दुसरीकडून घेईन." हे वाक्य मी तीनदा वाचलं.

ठीक आहे. जन्मभराचं तर जन्मभराचं. मी ठरवलंय. एक जूनला बेकरी बंद. फळ्यावर लिहिलंसुद्धा, खडूने, मोठ्या अक्षरात. लेकीने डोळे पुसले आणि म्हणाली, बरं झालं. मास्तरांनीही फळा वाचला. त्यांनी फळ्याखाली पडलेला खडूचा तुकडा उचलून खिशात टाकला आणि गेले. जुनी सवय.

आता पुढचं नीट वाच. शेवटच्या दिवशी मी बियांचा पाव भाजणार. पूर्वीसारखा, जवस, तीळ, सूर्यफूल, भोपळ्याच्या बिया, कोंड्याचं पीठ, सगळं. पहिला पाव काउंटरवर कापणार आणि पहिला काप मी खाणार. सगळ्यांसमोर, चावून चावून. तुझ्या डॉक्टरीणबाईंना सांग, तुझ्या तक्त्याला सांग. संपायचं असेल तर माझ्या हातच्या पावाने संपेन, गाळणीतल्या पाण्याने नाही.

मला घाबरवू नकोस. मी घाबरलेलीच आहे. पोतं सरकवताना घाबरते, खोकला आला तरी घाबरते, ताटाकडे बघून घाबरते. बाबांनी दुखणं लपवलं, मी लपवत नाही, तुला एक न् एक गोष्ट लिहून कळवते. पण माझ्याच भट्टीतल्या पावाला मी जन्मभर भिऊन राहायचं? एकतीस वर्षं ज्याने माझं घर चालवलं त्याला? ते मला जमणार नाही. जमवायचंही नाही.

एक जूनला ये. नाही आलास तरी मी खाणार आहे.

ताई

३ एप्रिल

ताई,

थांब. काही बंद करू नकोस आणि काही खाऊही नकोस. मी उद्याच डॉक्टरीणबाईंना भेटायला जातो आहे. का ते आत्ता विचारू नकोस. परत आलो की सगळं लिहितो.

धाकटा

८ एप्रिल

पुठ्ठ्या,

"का ते विचारू नकोस" असं लिहून कुणी कुणाला गप्प बसवलंय का आजपर्यंत? तुझी चार ओळींची चिठ्ठी आली आणि घरात सुतक पडल्यासारखं झालं. लेक माझ्याकडे बघत नाही, मी तिच्याकडे बघत नाही.

मला कळलंय. हॉस्पिटलातून काहीतरी रिपोर्ट उशिरा आलाय, त्यात वाईट काही निघालंय आणि तू ते गिळून बसलायस. लहानपणी फुलदाणी फोडलीस तेव्हाही असाच तुटक बोलत होतास.

असेल तर सांग. माझ्या पोटातली बातमी आहे, मला आधी कळली पाहिजे. रडत बसणार नाही. आणखी दोन ओळी फळ्यावर लिहीन एवढंच. पण बाबांनी जे तुझ्याशी केलं ते तू माझ्याशी करू नकोस. ते मी माफ करणार नाही, आधीच सांगून ठेवते.

ताई

१५ एप्रिल

ती. ताईस,

नमस्कार. हे पत्र बसून वाच. लेकीला शेजारी बसव.

वाईट रिपोर्ट काही नाही. वाईट मी आहे.

या पत्राला एक कागदाची पट्टी खळीने डकवली आहे. दोन बोटं रुंद. ती आधी वाच आणि मग पुढे ये.

वाचलीस? अक्षर डॉक्टरीणबाईंचं आहे. "हे पथ्य फक्त दुखणं थांबेपर्यंत, आठ-दहा दिवस. मग हळूहळू साली, भाज्या, डाळी, कोंड्याचं पीठ, सगळं सुरू करा, पाणी भरपूर प्या. सहा आठवड्यांनी तपासणीला या." तुझ्या कागदाच्या वरच्या कोऱ्या जागेत त्यांनी ते पेनाने तिरकं लिहिलं होतं. मी ते कापलं, ताई. मीच.

माझ्या धंद्यात छापील चौकटीच्या बाहेर जे असतं ते रद्दी. चाळीस वर्षं हात तेच करतोय. पुस्तक आलं की कडेचा मळ, कडेचा शिक्का, कडेची गिचमीड साफ कापून टाकायची. मी ते वाचलंच नाही. मला चौकट दिसली, मी चौकटीला लागून सुरी लावली. कापलेल्या पट्ट्या मी टाकत नाही, पुस्तकात खुणेला ठेवतो, तुला माहीत आहे. दोन तारखेला बायको पुस्तक वाचत बसली होती. मधेच उठून माझ्यासमोर आली, पट्टी पुढे धरली आणि म्हणाली, "हे ताईंचं आहे का?" दुसऱ्याच दिवशी तुला ती चिठ्ठी लिहिली.

अजून एक आहे. तेही लिहितो, नाहीतर परत कधी लिहिणार नाही. सहा मार्चला मी लिहिलं की बाईंना विचारलंय. मी विचारलं नव्हतं. हॉस्पिटलच्या दारापर्यंतही गेलो नव्हतो. मला वाटलं, जन्मभराचं म्हटलं की तू ऐकशील आणि जगशील. तो बियांचा कण अडकतो वगैरे मी कुठल्या तरी गिऱ्हाइकाकडून ऐकलं होतं आणि डॉक्टरांच्या नावावर खपवलं. बाबांच्या वेळी मी काहीच केलं नव्हतं. या खेपेला इतकं केलं की तुला पोत्यापाशी बसवलं.

बाईंना भेटलो. सगळं ऐकून त्यांनी आधी कपाळावर हात मारला आणि मग मला असं काही झापलं की माझ्या या कानांनासुद्धा शब्दन् शब्द ऐकू आला. म्हणाल्या, बिया आणि दाणे पिशवीत अडकतात ही जुनी समजूत आहे, शोधून पाहिलं तेव्हा तसं काही आढळलं नाही. सूज असताना आतड्याला विश्रांती म्हणून हलकं खायचं. सूज गेली की उलट चोथ्याचं खायला हवं, पण एकदम नाही, थोडं थोडं वाढवत. एखादी गोष्ट तुझ्या पोटाला सोसत नसेल तर ती तू सोडायचीस, शेजाऱ्याला सोसत नाही म्हणून नाही. आणि डावीकडे दुखून ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर, दुसऱ्या दिवशी नाही. राहिलेली तपासणी करायलाच हवी. तिकडच्या डॉक्टरांच्या नावे त्यांनी चिठ्ठी दिली आहे, सोबत जोडली आहे.

एक वही पाठवतो आहे. काय खाल्लंस आणि काय झालं ते तू लिहायचंस. मी बांधली आहे. कडा कापलेल्या नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा मी न कापता वही हातावेगळी केली.

माफ कर असं लिहिणार होतो, पण तू आधीच सांगून ठेवलं आहेस.

तुझा,
धाकटा

२ जून

चि. पुठ्ठ्या, गाढवा, मेल्या, भावा,

दीड महिना उत्तर दिलं नाही. मुद्दामच दिलं नाही. वहिनी चोरून लेकीला फोन करून माझी खबर घेत होती, तेही मला माहीत आहे. तुझी झोप उडू दे म्हटलं थोडी. माझी तीन महिने उडाली होती.

पत्र आलं त्या दिवशी मी पट्टी वाचली आणि इतकी ओरडले की भट्टीवरचा माणूस फावडं घेऊन धावत आला, त्याला वाटलं चोर शिरला. तीन महिने, पुठ्ठ्या! तीन महिने मी भाताचं पाणी पीत होते, ते तुझ्या काटकोनापायी! आणि वर खोटं, तेही डॉक्टरांच्या नावावर! समोर असतास तर त्याच तक्त्याने तुला बडवलं असतं. पुठ्ठा जाड आहे, टिकला असता.

मग मी रडले. तू चुकलास म्हणून नाही. अठरा वर्षांचा तू आणि ते क्रिकेट, हे चाळीस वर्षांत तू कधी बोलला नव्हतास. अरे, बाबा मलासुद्धा फसवायचे. आईलाही त्यांनी फसवलं. तू पोरगा होतास. ते ओझं आता उतरव, नाहीतर पुढच्या बहिणीला मारशील. ती नाहीये म्हणून वाचली.

आता माझं ऐक. लेकीबरोबर जाऊन तपासणी करून आले. कॅमेरा आत घालतात, तो सगळा तपशील तुझ्यासाठी मुद्दाम लिहिणार होते, पण जाऊ दे. पिशव्या आहेत तिथेच आहेत, शांत आहेत, दुसरं वाईट काही नाही. डॉक्टर म्हणाले, परत सुजणारच नाहीत असं कुणी लिहून देत नाही. मी म्हटलं, लिहून दिलेलंच बघा ना कुठे टिकतं आमच्या घरात.

वही लिहिते आहे. पहिल्या आठवड्यात शिजवलेलं गाजर आणि सोललेलं सफरचंद, मग सालीसकट. मग कोंड्याचं पीठ, आधी चतकोर काप, मग अर्धा. पाणी इतकं पिते की लेक म्हणते, आई, मासोळी होशील. राजमा खाल्ला आणि रात्रभर पोट फुगलं, म्हणून राजमा मी सोडला. मी सोडला, वाचलंस ना? कुणी तक्त्यावर लिहिलं म्हणून नाही. कोबीचं अजून ठरवलेलं नाही, त्याला आणखी एक संधी देते आहे. पोट साफ होतं. परवा पोतं मी सरकवलं, आणि पोतं खाली बसलं, मी नाही.

काल एक जून होता. फळा पुसला नव्हता, लोकांना वाटलं शेवटचा दिवस. रांग रस्त्यापर्यंत गेली होती. तू आला नाहीस. लाज वाटली असेल, वाटायलाच हवी. मी बियांचे चाळीस पाव भाजले. पहिला काउंटरवर ठेवला, सुरी घेतली. लेक माझा दंड धरून उभी होती. काप केला. खोटं कशाला बोलू, डॉक्टरांनी हो म्हटलं तरी तीन महिन्यांची भीती एका दिवसात जात नाही. मास्तर सगळ्यात पुढे. मी अख्खा काप खाल्ला, चावून चावून, एकेक बी दाताखाली ऐकू येईल असा. मग मास्तरांना म्हटलं, फळा पुसा. त्यांनी खिशातून तो मार्चमधला खडूचा तुकडा काढला, बाहीनेच फळा पुसला आणि लिहिलं, "बियांचा पाव, रोज." अक्षर अजून काय सुरेख आहे त्यांचं!

रात्री शांत झोपले. आज सकाळी परत पहिला काप खाल्ला. डावीकडे दुखलं, ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टर. हा शब्द तुला देते, आणि हा मी टोमॅटोसाठीसुद्धा मोडणार नाही.

सोबत पाव पाठवला आहे. कालचाच, पहिल्या पावाचा उरलेला तुकडा. तू तो खायचास, वहिनीला द्यायचास. "दुसरीकडून घेईन" म्हणाला होतास ना? घेऊन बघ. पुढच्या महिन्यात इकडे यायचं, माझ्या समोर उभं राहायचं आणि माझ्याकडून दोन शिव्या तोंडावर खायच्या. त्याशिवाय माफी नाही.

तुझा तक्ता काढलेला नाही. सूज आलीच कधी, तर त्या आठ-दहा दिवसांना तो लागेल. फक्त तुझ्या पत्रावरून मी ती पट्टी पाण्याने सोडवली आणि तक्त्याच्या वर, त्या निळ्या किनारीवर, परत चिकटवली आहे. वाकडी बसली आहे. एक टोक बाहेर लोंबतंय. येशील तेव्हा तिला हात लावायचा नाही.

तुझी,
ताई